विद्यापीठातील तरुण आणि जोडीदाराची निवड

विवाहाचा जोडीदार निवडताना आपण काय पाहाल, असा प्रश्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३९ साली रूबेन हिल या अभ्यासकाने अठरा गुणांची एक यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि महत्त्वाप्रमाणे त्यांचा क्रम लावावयास सांगितले. पुढे तीच यादी निरनिराळ्या विद्यापीठांतून १९५६, १९६७, १९७७ आणि अखेर १९९६ पर्यंत पुनःपुन्हा वापरण्यात आली. त्यामुळे अर्ध्याहून अधिक शतकाची उत्तरे एकाखाली एक मांडून पाहण्याची सोय झाली. १९३९ सालच्या विद्यार्थ्यांनी भरवशाचे चारित्र्य, भावनिक स्थैर्य आणि प्रसन्न स्वभाव यांना अग्रस्थान दिले होते. परस्परांविषयीचे प्रेम मुलग्यांच्या यादीत चौथे होते, तर मुलींच्या यादीत पाचवे. १९९६ मध्ये दोघांच्याही यादीत ते पहिले झाले. विवाहपूर्व शुचितेचा क्रमांक दहाव्यावरून मुलग्यांच्या यादीत सोळावा आणि मुलींच्या यादीत सतरावा झाला. पत्नीला स्वयंपाक आणि घरकाम उत्तम यावे, ही मुलग्यांची अपेक्षा आठव्या क्रमांकावरून चौदाव्यावर उतरली. उलट तिची मिळकत बरी असावी, ही अपेक्षा सतराव्यावरून तेराव्यावर चढली.

हे आकडे उद्बोधक आहेत यात शंका नाही. तथापि त्यांच्यात एक उणीव आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय वस्तुतः ती उणीव हाच आहे. अठरा गुणांची यादी भरणाऱ्याला काही खर्च येत नाही. त्याने चारित्र्याला पहिले स्थान दिले म्हणून त्याला रूपावर पाणी सोडावे लागत नाही; प्रेमाला पहिले स्थान देणारीला त्यासाठी बापाचे घर सोडावे लागत नाही. बाजारात गेलेल्या माणसाला काय आवडते हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. एका वस्तूसाठी दुसरी कोणती वस्तू तो खाली ठेवतो, यावरून ते कळते. विवाहाची तुलना बाजाराशी केलेली काहींना रुचणार नाही. परंतु ज्या शहराविषयी येथे बोलावयाचे आहे, त्या शहरातील थोर लेखकांनीच ती शंभर वर्षांपूर्वी करून ठेविली आहे.

प्रश्नातच किंमत घातली की उत्तर कसे बदलते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. विल्यम केफार्ट यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन विद्यार्थ्यांना असे विचारले होते, की एखाद्या व्यक्तीत तुम्हांला हवे असलेले इतर सर्व गुण आहेत, परंतु तिच्यावर तुमचे प्रेम नाही, तर तुम्ही तिच्याशी विवाह कराल काय? मुलग्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांशांनी ‘नाही’ असे ठाम उत्तर दिले. मुलींपैकी तसे उत्तर देणाऱ्या जेमतेम एकचतुर्थांश निघाल्या. बहुतेकींना काही निश्चित सांगता येईना. मुली व्यवहारी आणि मुलगे भावनाप्रधान, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे होते. परंतु १९८४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण मुलग्यांत आणि मुलींत सारखेच, म्हणजे शेकडा ८५ च्या आसपास आले. मधल्या काळात अमेरिकन स्त्रियांचा स्वभाव पालटला, असे मानण्याचे कारण नाही. मोठ्या संख्येने त्या मिळवत्या झाल्या होत्या, आणि प्रेमाची चैन त्यांना परवडू लागली होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अकरा देशांतील विद्यार्थ्यांना विचारला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात भारतीय विद्यार्थ्यांपैकी शेकडा ४९ ‘होय, विवाह करू’ असे म्हणतात; अमेरिकेत तसे म्हणणारे शेकडा चारही नाहीत. भारतीय विद्यार्थ्यांतही शेकडा २४ ‘नाही’ म्हणतात, आणि उरलेल्यांचा निर्णय झालेला नाही. म्हणजे आपल्याकडील चित्र एकरंगी नाही. वर्गातील निम्मी मुले एक म्हणतात, चौथा हिस्सा त्याच्या उलट म्हणतो, आणि बाकीची अजून विचार करीत आहेत.

भारतीय विद्यार्थी हा हिशेब कोठे शिकला, हे पाहावयाचे तर कलकत्त्याइतके सोयीचे शहर दुसरे नाही. (२००१ साली शहराचे अधिकृत नाव कोलकाता झाले, पूर्वीच्या काळाविषयी बोलताना जुनेच नाव येथे वापरले आहे.) कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जानेवारी महिन्यात झाली. त्यापूर्वीच्या बंगालमध्ये उच्चवर्णीयांचे विवाह कुलावरून ठरत, आणि कुळांच्या वंशावळी ज्याच्या जिभेवर असत तो माणूस म्हणजे ‘घटक’. मराठी वाचकाला हा शब्द एखाद्या वस्तूचा भाग या अर्थी परिचित आहे. बंगालीत घटक म्हणजे विवाह घडवून आणणारा मध्यस्थ. विद्यापीठाने या घटकाच्या पोतडीत एक नवे माप टाकले. मुलगा कोणत्या कुळातला, या प्रश्नापाठोपाठ त्याने किती परीक्षा दिल्या, हा प्रश्न येऊ लागला. प्रवेश परीक्षा उतरलेल्या मुलाची एक अपेक्षा, बी. ए. झालेल्याची त्याहून मोठी, आणि एम. ए. किंवा वकिलीची परीक्षा दिलेला असेल तर विचारावयासच नको. महाराष्ट्रातही हुंड्याचे आकडे पदवीच्या पायऱ्यांनी चढत गेले, हे जुन्या पिढीला आठवत असेल. विद्येने रूढी सैल होतील अशी ज्यांची श्रद्धा होती, त्या सुधारकांना हे पाहावे लागले की पदवी ही हुंड्याचा दर ठरविण्याचे नवे साधन झाली आहे.

या व्यवहारात पदवीधर तरुण स्वतः काय करीत होता? रवींद्रनाथांनी १९१४ साली ‘सबुजपत्र’ या मासिकात लिहिलेल्या ‘अपरिचिता’ या कथेचा नायक हे त्याचे मार्मिक उत्तर आहे. तो एम. ए. झालेला, सुस्वभावी, तंबाखूचेही व्यसन नसलेला तरुण आहे. लग्नाच्या दिवशी त्याचा मामा सोनाराला सोबत घेऊन येतो आणि वधूच्या अंगावरचे दागिने उतरवून लग्नापूर्वी त्यांची पारख करण्याचा आग्रह धरतो. वधूपिता वराचे मत विचारतो. वर मामापुढे तोंड उघडत नाही. दागिने अस्सल निघतात. वधूपिता वऱ्हाडाला पोटभर जेवू घालतो आणि मग शांतपणे सांगतो, की ज्यांना मी मुलीच्या दागिन्यांत खोट करीन असे वाटते, त्यांच्या हाती मी मुलगी देणार नाही. या तरुणाला प्रश्नावली दिली असती तर त्याने स्वभाव, सुसंस्कृतपणा, परस्पर आदर यांनाच वरचे क्रमांक दिले असते, आणि ते खोटेपणाने नव्हे. त्याची पसंती उत्तमच होती. फक्त तिच्यासाठी मामाला एक शब्द बोलण्याची किंमत त्याला जड गेली. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या अनुवादातून ज्यांनी वाचल्या आहेत, त्या मराठी वाचकांना असे सुशिक्षित, कोमल आणि वेळेला गप्प बसणारे बंगाली तरुण मुळीच अनोळखी नाहीत.

ज्या वर्षी ही कथा प्रसिद्ध झाली, त्याच वर्षाच्या आरंभी कलकत्त्यात स्नेहलता मुखोपाध्याय या चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. तिच्या विवाहासाठी मागितलेली रक्कम उभी करावयाची म्हणजे वडिलांना राहते घर गहाण टाकावे लागणार होते. ते टळावे म्हणून तिने हे केले, असे तिने मागे ठेवलेल्या पत्रावरून प्रसिद्ध झाले. शहर हादरले. सभा झाल्या, कविता लिहिल्या गेल्या, आणि तरुणांनी हुंडा न घेण्याच्या शपथा घेतल्या. त्या शपथा प्रामाणिक नव्हत्या असे म्हणण्यास आधार नाही. परंतु शपथ सभेत घेतली जाते आणि देण्याघेण्याची बैठक घरात होते. तेथे विद्यार्थ्याला बहुधा बोलावणेच नसते. हुंडाबंदीचा कायदा येण्यास त्यानंतर १९६१ साल उजाडावे लागले.

वडीलधाऱ्यांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढारीही या परीक्षेला नेहमी उतरले असे नाही. ब्राह्म समाजाच्या खटपटीमुळे १८७२ चा तिसरा कायदा झाला आणि जातीबाहेरच्या विवाहाला कायदेशीर वाट मिळाली. त्यासाठी मात्र आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही प्रस्थापित धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. या कायद्याने वधूचे किमान वय चौदा आणि वराचे अठरा ठरविले. त्यासाठी सर्वाधिक झटलेले केशवचंद्र सेन यांनी १८७८ साली आपल्या मुलीचा विवाह कूचबिहारच्या तरुण राजाशी करून दिला, तेव्हा वधू आणि वर दोघेही त्या वयाच्या आतले होते. त्यावरून समाजात फूट पडली आणि साधारण ब्राह्म समाज स्थापन झाला.

आतापर्यंतची चर्चा मुलग्यांविषयी झाली. विद्यार्थिनींची गोष्ट निराळी आहे आणि अधिक विचार करावयास लावणारी आहे. कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८८३ च्या पदवीदान समारंभात त्यांना बी. ए. ची पदवी मिळाली. त्याच वर्षी कादंबिनींनी द्वारकानाथ गांगुली यांच्याशी विवाह केला. द्वारकानाथ विधुर होते, त्यांना मुले होती, आणि ते वयाने सतरा वर्षांनी मोठे होते. ‘अबलाबांधव’ या नियतकालिकाचे ते संपादक, आणि मुलींच्या शिक्षणासाठी झुंजणारे शिक्षक. वधूवरांच्या तत्कालीन कोणत्याही तक्त्यात हे स्थळ अपेशी ठरले असते. पण एकवीस वर्षांच्या या पदवीधर मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात जावयाचे होते, आणि लग्नानंतरही ते शक्य होईल असा वर तिला हवा होता. त्यासाठी वय, पूर्वविवाह आणि लोकांची बोलणी या तीन गोष्टी तिने खाली ठेवल्या. लग्नानंतर ती कलकत्ता मेडिकल कॉलेजात दाखल झाली, डॉक्टर झाली, आणि १८९३ मध्ये पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेली.

योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच १८८३ साली एक मराठी तरुणीही कलकत्त्यात होती. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांची टपाल खात्यातील नोकरी त्यांना बंगालमध्ये घेऊन आली होती. फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात अमेरिकेस जाण्याचा आपला हेतू सांगणारे प्रसिद्ध भाषण केले आणि ७ एप्रिल रोजी कलकत्त्याच्या बंदरातून त्या निघाल्या. दोघींची जीवने शेजारी ठेवून पाहावी. आनंदीबाईंचेही पती विधुर, वीसएक वर्षांनी मोठे, आणि पत्नीच्या शिक्षणासाठी हट्टाने झटणारे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही स्थळे सारखीच वाटतील. परंतु आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी वडील माणसांनी ठरविले होते. कादंबिनींनी ते पदवी हाती आल्यावर स्वतः ठरविले. गुणांच्या यादीत हा फरक नोंदविण्यासाठी रकाना नसतो. गोपाळरावांच्या शिस्तीचा जाच आनंदीबाईंच्या चरित्रकारांनी लपविलेला नाही. पतीची निवड स्वतः केली असती तर त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असते, असे मात्र कोणी ठामपणे म्हणू नये.

विसाव्या शतकात घटकाचे काम हळूहळू वर्तमानपत्राकडे गेले. ‘आनंदबझार पत्रिका’ या १९२२ साली निघालेल्या बंगाली दैनिकातील ‘पात्र-पात्री’ची पाने हे बंगाली मध्यमवर्गाचे वधूवरसूचक मंडळच होय. त्यांची भाषा मराठी वाचकाला घरच्यासारखी वाटेल. ‘फर्सा’ म्हणजे गोरी, ‘सुश्री’ म्हणजे नाकीडोळी नीटस, ‘घरोया’ म्हणजे घरगुती वळणाची. काही खुणा मात्र खास तिकडच्या. कुटुंब मूळचे पूर्व बंगालचे की पश्चिम बंगालचे, हे दोन अक्षरांत सांगितलेले असते, कारण फाळणीला इतकी वर्षे लोटली तरी हा भेद सोयरिकीच्या वेळी आठवतो. वरपक्षाला काही मागावयाचे नसेल तर ‘दाबीहीन’ असा शब्द येतो. आणि पाहण्याच्या कार्यक्रमाची तर भाषेवरच छाप पडली आहे. सूर्यास्ताच्या वेळच्या सोनेरी उजेडाला बंगालीत ‘कने-देखा आलो’, म्हणजे वधू दाखविण्याचा उजेड, असे नाव आहे. त्या उजेडात सावळा रंगही उजळ दिसतो.

या जाहिरातींचा एक अत्यंत कसोशीचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफॉर्च्युन या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. (पहिल्या दोघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, बॅनर्जी हे कलकत्त्याच्याच प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे विद्यार्थी. तिसऱ्यांचे आडनाव या विषयाला किती साजेसे आहे, हे वेगळे सांगावयास नको.) २००२ च्या ऑक्टोबरपासून २००३ च्या मार्चपर्यंत त्यांनी अशा जाहिराती देणाऱ्या ७८३ जणांच्या मुलाखती घेतल्या. तुम्हांला काय आवडते, एवढेच विचारून ते थांबले नाहीत. आलेल्या पत्रांपैकी कोणती निवडली आणि कोणती बाजूला ठेवली, हे त्यांनी पाहिले. यादी भरून घेण्याच्या पद्धतीत जी उणीव होती ती येथे भरून निघते, कारण एक पत्र उचलणे म्हणजे दुसरे खाली ठेवणे.

त्यांना जे आढळले ते असे. वधूपक्षाला वर स्वजातीचा मिळणे इतके मोलाचे वाटे, की त्यासाठी मुळीच न शिकलेला आणि एम. ए. झालेला यांच्यामधील अंतराएवढे शिक्षण सोडून देण्याची त्यांची तयारी होती. वरपक्षाच्या दृष्टीने जातीचे मोल, ‘अतिशय सुंदर’ म्हणविणारी वधू आणि ‘बरी दिसणारी’ वधू यांच्यातील फरकाच्या दुप्पट भरले. ज्या शहरात विद्येचा एवढा अभिमान बाळगला जातो, तेथे सबंध विद्यापीठीय शिक्षण तराजूच्या एका पारड्यात टाकले तर दुसऱ्या पारड्यातील जात त्याला तोलून धरते, असा याचा अर्थ होतो.

परंतु अभ्यासाचा खरा निष्कर्ष याच्या पुढे आहे, आणि तो वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सहसा आला नाही. जातीसाठी एवढी किंमत मोजण्याची तयारी असली, तरी प्रत्यक्षात ती मोजावी कोणालाच फारशी लागत नाही. लोकांना वरची जात नको आहे, आपली जात हवी आहे. आणि शहरातील प्रत्येक मोठ्या जातीत आता पदवीधर, नोकरदार, सुरूप अशी स्थळे पुरेशी आहेत. त्यामुळे स्वजातीत राहूनही हवे ते शिक्षण आणि हवे ते रूप मिळून जाते. जात टिकली ती महाग असून नव्हे, स्वस्त पडते म्हणून. शिक्षण वाढले की जातीबाहेरचे विवाह आपोआप वाढतील, असे अनेक विचारवंत दीर्घकाळ मानीत आले. वाढलेल्या शिक्षणानेच प्रत्येक जातीला आपापले पदवीधर पुरविले, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास आढळले.

आता विद्यार्थ्यांकडे वळता येईल. कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाऊसमध्ये किंवा जादवपूरच्या आवारात बसलेल्या तरुणाने वा तरुणीने सांगितले, की जातीला आपल्या लेखी काही महत्त्व नाही, तर ते ढोंग समजू नये. परंतु त्याच्यापुढे येणारी स्थळे वडिलांनी, मामाने, मावशीने आधीच चाळलेली असतात. निवड त्याची असते, पण निवडीसाठी मांडलेला ढीग त्याचा नसतो. ढिगातल्या पाच मुलींपैकी जिच्याशी मने जुळली तिची निवड करताना, आपण केवळ स्वभाव पाहून लग्न केले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. जातीसाठी काही सोडण्याची पाळीच न आल्यामुळे जात आपल्याला किती प्रिय आहे, हे त्याला आयुष्यभर कळत नाही. मुलींना ते लवकर कळते. नोकरी लग्नानंतर चालू राहील काय, बदलीच्या गावी कोणी कोणामागे जावयाचे, हे प्रश्न पाहण्याच्या कार्यक्रमातच निघतात आणि तेथे ‘परस्पर आदर’ या गुणाची किंमत लगेच मांडून दाखविली जाते.

ज्यांना चाळलेल्या ढिगाबाहेर पाऊल टाकावयाचे आहे, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. आपण अमुक धर्माचे नाही असे म्हणण्याची सक्ती त्यात राहिली नाही, ही मोठीच सुधारणा. मात्र विवाहाची पूर्वसूचना द्यावी लागते, ती विवाह-अधिकाऱ्याच्या कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि तीस दिवसांच्या आत कोणालाही हरकत घेता येते. १८७२ च्या कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. घरातून निघालेल्या दोघा तरुणांना हे तीस दिवस किती लांब वाटत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

२००७ साली कोलकात्यात दोन निरनिराळ्या धर्मांतील तरुण-तरुणींनी याच कायद्याखाली विवाह केला. तो संगणकावरील चित्ररचना शिकविणारा, साध्या वस्तीत राहणारा. ती श्रीमंत उद्योगपती घराण्यातील. ऑगस्टमध्ये लग्न झाले तेव्हा कायद्याच्या सर्व अटी पुऱ्या झालेल्या होत्या, आणि अडचणी त्यानंतर सुरू झाल्या. पोलिसांनी दोघांना मुख्यालयात वारंवार बोलावले. काही दिवसांनी ती माहेरी परतली. २१ सप्टेंबर रोजी त्याचा मृतदेह लोहमार्गावर सापडला. तो ज्या महाविद्यालयात शिकला होता त्याच्या दारात विद्यार्थी रात्रीमागून रात्री मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविला आणि ऑक्टोबरमध्ये शहराच्या पोलीस आयुक्तांना पदावरून हलविण्यात आले.